मान डोलावणाऱ्यांच्या सभेत ज्युडी ह्यूमन : एका माहितीपटाचा जाहीर खेळ आणि अपुरी राहिलेली चर्चा

सायंवाचक

गेल्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या सभागृहात ‘क्रिप कॅम्प’ हा २०२० सालचा अमेरिकी माहितीपट दाखवला आणि नंतर तासभर त्यावर चर्चा झाली. पस्तीस-चाळीस जण जमले होते, त्यांतले आठ-नऊ जण स्वतः अपंग होते. चर्चा मला अपुरी, खरे तर बाजूलाच गेलेली वाटली, म्हणून हा धागा काढत आहे. आलेल्यांनी लिहावेच, आणि ज्यांनी तो घरी पाहिला आहे त्यांनीही लिहावे.

न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत १९५१ पासून ‘कॅम्प जेनेड’ नावाचे अपंग मुलांचे उन्हाळी शिबिर भरत असे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याची सूत्रे हिप्पी वळणाच्या तरुणांकडे आली आणि तिथे मुलांना रुग्ण म्हणून न वागवता मुले म्हणून वागवले जाऊ लागले. ती बेसबॉल खेळत, सिगारेटी ओढत, प्रेमात पडत आणि रात्री उशिरापर्यंत आईवडिलांच्या अतिकाळजीबद्दल तक्रारी करत. १९७१ च्या उन्हाळ्यात तिथे झालेले कृष्णधवल चित्रण हा या माहितीपटाचा पाया आहे. निकोल न्यूनहॅम आणि जेम्स लेब्रेक्ट या दोन दिग्दर्शकांपैकी लेब्रेक्ट हे त्याच शिबिरात गेलेले, चाकाची खुर्ची वापरणारे गृहस्थ आहेत, त्यामुळे कॅमेरा कुठेही वरून खाली पाहत नाही.

त्या शिबिरातील एक कार्यकर्ती म्हणजे तेव्हा तेवीस वर्षांच्या असलेल्या ज्युडी ह्यूमन. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. ब्रुकलिनमधील शाळेत आई त्यांना घेऊन गेली तेव्हा, चाकाची खुर्ची म्हणजे आग लागल्यास धोका, असे सांगून प्रवेश नाकारला गेला. पुढे १९७० मध्ये शिक्षिकेचा परवानाही न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने वैद्यकीय तपासणीच्या आधारावर नाकारला, तेव्हा त्यांनी मंडळाला न्यायालयात खेचले आणि मंडळाला नमते घ्यावे लागले. शिबिरातील स्वयंपाक्यांच्या सुट्टीच्या दिवशी काय रांधायचे, यासाठी त्या प्रत्येकाचे मत विचारत फिरतात, असा एक साधासा प्रसंग चित्रणात आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे सव्वाशे-दीडशे माणसे एका सरकारी इमारतीत ठाण मांडून बसली तेव्हा त्यांची हीच सवय कामी आली.

तो सत्याग्रह १९७७ चा. अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ हे एका वाक्याचे कलम होते : केंद्र सरकारचा पैसा जिथे जातो तिथे अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही. मात्र त्याची नियमावली सहीविना पडून राहिली, आणि नियमावली नाही तोवर ते वाक्य शोभेचेच होते. आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो सही करण्याऐवजी मसुद्यात बदल करू पाहत होते. ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत त्या खात्याच्या कार्यालयांत निदर्शने झाली. बाकी ठिकाणची काही तासांत किंवा दिवसांत संपली, परंतु सॅन फ्रान्सिस्कोतील मंडळी इमारतीतून हललीच नाहीत. २८ एप्रिलला सही झाली आणि ३० तारखेला ती बाहेर आली.

आता मुद्द्याचे. सत्याग्रह चालू असताना त्याच इमारतीत एक सुनावणी झाली. वॉशिंग्टनहून आलेले एक अधिकारी समोर बसून सहानुभूतीने मान हलवत होते. बोलता बोलता ह्यूमन यांचा गळा दाटून आला आणि त्यांनी त्यांना सांगितले की, आम्ही काय म्हणतो आहोत ते आपल्याला कळत आहे असे मला वाटत नाही, तेव्हा संमतीची ती मान हलवणे कृपया थांबवा. सभागृहात त्या क्षणी टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माहितीपट संपल्यावर दिवे लागले, चर्चा सुरू झाली, आणि पहिले चारही वक्ते म्हणाले की, माहितीपट अतिशय प्रेरणादायी आहे आणि धडधाकट शरीर लाभलेले आपण किती भाग्यवान आहोत. आम्ही सगळ्यांनी, माझ्यासकट, माना डोलावल्या. मागच्या रांगेतील एका चाकाच्या खुर्चीवरील गृहस्थांनी मग विचारले, ‘ते सव्वीस दिवस टिकले कसे, हे कोणालाच का विचारावेसे वाटत नाही?’ वेळ संपली होती. तोच प्रश्न इथे मांडतो.

गवतीचहा

मीही आले होते. नावाबद्दल थोडेसे लिहिते, कारण घरी सांगताना माझी पंचाईत झाली. ‘क्रिप’ हे ‘क्रिपल’ या हेटाळणीच्या शब्दाचे छोटे रूप आहे आणि तेथील काही अपंग मंडळींनी ते स्वतःसाठी मुद्दाम उचलले आहे. मराठीत ‘पांगळ्यांचे शिबिर’ म्हणायला माझी जीभ रेटेना. ‘दिव्यांग’ म्हटले तर ती बेसबॉल खेळणारी, सिगारेट मागणारी मुले डोळ्यांसमोरून नाहीशी होतात आणि त्या जागी समई पेटते. आपल्या भाषेने या बाबतीत दोनच जागा ठेवलेल्या दिसतात : एक ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ची आणि दुसरी देव्हाऱ्याची. मी शेवटी ‘अपंग मुलांचे शिबिर’ एवढेच सांगितले. इतरांनी काय केले असते?

चाकोरी

‘अपंग’ चालेल, निदान मला चालतो. माझ्या पिढीतील पोलिओवाल्यांना त्याहून वाईट पुष्कळ ऐकावे लागलेले आहे. (मी पहिल्या रांगेच्या कडेला होते. मागून विचारणारे गृहस्थ निराळे.)

सायंवाचक, टिकले कसे, याचे माझे उत्तर तुमच्या सभागृहापासूनच सुरू होते, राग मानू नये. रविवारी सकाळी सातनंतर मी पाण्याचा घोट घेतला नाही. कार्यक्रम चारला होता. तुमच्याकडील स्वच्छतागृहाचे दार माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे, हे मला मागच्या व्याख्यानापासून ठाऊक आहे. हा माझा एकटीचा विक्षिप्तपणा नव्हे. चाकाच्या खुर्चीवरील कोणत्याही बाईला विचारा, लग्नाला जाताना, बँकेत जाताना, परीक्षेला जाताना ती आदल्या रात्रीपासून हाच हिशेब मांडते. माहितीपटात ह्यूमन एके ठिकाणी म्हणतात की, वापरता येण्याजोग्या स्वच्छतागृहाबद्दलही मला आभार मानावे लागणार असतील, तर मी बरोबरीची कधी होणार? त्या वाक्याला आपल्याकडे हशा पिकला. मी हसले नाही, कारण आभार मानावे असे स्वच्छतागृह मला अजून सापडायचे आहे.

आता त्या इमारतीतील पहिल्या रात्रीचा विचार करा. बहुतेक जण एका दिवसाच्या निदर्शनासाठी आलेले होते. कोणाजवळ औषधे नव्हती, कोणाजवळ जादाचे कॅथेटर (लघवीची नळी) नव्हते. कित्येकांना रात्री कूस बदलून द्यायला माणूस लागतो, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि ते मदतनीस घरी राहिले होते. आमच्यासाठी जमिनीवर झोपणे म्हणजे सकाळी उठता येईलच याची खात्री नसणे. आंदोलन म्हटले की आपल्याला घोषणा आठवतात. मला मात्र पडद्यावर दिसत होते ते कोण कोणाला भरवते, कोण कोणाला वळवते आणि कोण कोणाला स्वच्छतागृहापर्यंत नेते. चालता येणाऱ्या पण हात न चालणाऱ्याने खुर्ची ढकलायची आणि खुर्चीतल्याने त्याला घास भरवायचा, असे ते जमले. हे त्यांना कुठून आले असेल? जेनेडमध्ये काही उन्हाळे हेच केलेले होते, तिथून. शिबिराचा भाग मजेचा आणि आंदोलनाचा भाग गंभीर, अशी विभागणी रविवारी एका वक्त्याने केली. मला ती साफ चुकीची वाटते.

बर्कलीकर

मी गेली एकोणीस वर्षे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीत राहतो, म्हणून काही भर घालतो. ती इमारत सॅन फ्रान्सिस्कोत ५०, युनायटेड नेशन्स प्लाझा या पत्त्यावर आजही उभी आहे. राखाडी दगडाची, सरकारी, पाहताच कंटाळा यावा अशी ती वास्तू आहे. कितीतरी वर्षे मी समोरून गेलो आणि मला काही ठाऊक नव्हते.

चाकोरी यांनी आतील बाजू सांगितली, तिच्यात मला बाहेरची बाजू जोडावीशी वाटते. अधिकाऱ्यांनी दूरध्वनी तोडले तेव्हा आतील कर्णबधिर मंडळी खिडकीत उभी राहून खालच्या लोकांशी खुणांच्या भाषेत बोलली आणि निरोप बाहेर गेले. वातानुकूलन यंत्राला खोके चिकटवून औषधांसाठी शीतकपाट तयार केले गेले. आणि जेवण? ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाने पुरवले, रोज, गरम, खाडीपलीकडच्या ओकलंडहून आणून. ब्रॅड लोमॅक्स हे त्या पक्षाचे कार्यकर्ते स्वतः मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे खुर्ची वापरत होते आणि सत्याग्रहात बसले होते. पक्षाने त्यांच्यामागे सगळे बळ उभे केले. वॉशिंग्टनला शिष्टमंडळ गेले तेव्हा यंत्रकामगारांच्या संघटनेने मालवाहू गाडी दिली, कारण खुर्च्या चढतील असे दुसरे वाहन मिळत नव्हते. बंद, अंधाऱ्या गाडीत मागे बसून ही मंडळी मंत्र्यांच्या घरापुढे मेणबत्त्या लावायला गेली. हे सगळे जुळवून आणणाऱ्या किटी कोन यांचे नाव सायंवाचक यांच्या लेखात नाही, ही एक तक्रार नोंदवतो. ह्यूमन यांनी नेतृत्व केले यात वाद नाही. पण कोणाकडे काय मागायचे याची आखणी कोन यांची होती, आणि त्या स्वतः मस्क्युलर डिस्ट्रॉफीने, म्हणजे स्नायू दुर्बळ होत जाण्याच्या विकाराने, आजारी होत्या.

इथे बर्कलीत ॲश्बी या रेल्वेस्थानकालगत एड रॉबर्ट्स यांच्या नावाचे संकुल आहे. पोलिओनंतर रात्री लोखंडी फुफ्फुसात (श्वासासाठीच्या पेटीसारख्या यंत्रात) झोपणारे हे गृहस्थ १९६२ मध्ये येथील विद्यापीठात दाखल झाले आणि त्यांनीच पुढे, अपंगांना स्वतःच्या मर्जीने राहता यावे यासाठीची, स्वतंत्र जीवन केंद्राची चळवळ उभी केली. त्या संकुलात शिरताच लाल रंगाचा प्रचंड गोल चढ वरच्या मजल्यापर्यंत गेलेला दिसतो. माझे वडील पुण्याहून आले होते, गुडघ्यांनी हैराण. ते त्या चढावरून वरपर्यंत गेले, खाली आले आणि पुन्हा एकदा गेले.

सरळसोट

माहितीपट मलाही आवडला. परंतु एक अप्रिय प्रश्न विचारतो. आपल्या जुन्या इमारती, पेठांतील वाडे, पन्नास वर्षांपूर्वीची वाचनालये, एसटीची स्थानके, यांना उतार आणि उद्वाहक लावायला पैसा कोठून येणार? वर्षाकाठी येणारे अपंग सभासद किती, याचा हिशेब कोणीतरी करणारच. अमेरिकेचे उदाहरण भारावून टाकणारे आहे, पण त्यांची तिजोरीही अमेरिकेची आहे.

चाकोरी

सरळसोट, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो नवा नाही. १९७७ मध्ये तो कॅलिफानो यांच्या खात्यातूनच आला होता. खर्च फार होईल, काही रुग्णालयांना आणि शाळांना सूट द्यावी, अपंग मुलांसाठी ‘वेगळी पण समान’ व्यवस्था पुरे, असे बदल कागदावर तयार होत होते, आणि त्या सुनावणीत नेमके तेच उघड झाले. ‘वेगळी पण समान’ हे शब्द कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या संदर्भात अमेरिकेने कधीच फेटाळलेले होते, म्हणून तर लोक इतके खवळले. येणारे अपंग सभासद किती, हा हिशेब तर मला गमतीचाच वाटतो. पायऱ्या आहेत म्हणून आम्ही येत नाही, आणि आम्ही येत नाही म्हणून पायऱ्या राहतात.

फावल्यावेळचा_वकील

अमेरिका बाजूला ठेवून आपल्याकडचे सांगतो, कारण साम्य थक्क करणारे आहे.

अपंगांच्या हक्कांचा आपला पहिला कायदा १९९५ चा. तो संसदेच्या त्या हिवाळी अधिवेशनात मंजूर व्हावा म्हणून १९ डिसेंबरला दिल्लीत अपंगांनी निदर्शने केली. त्यामागे जावेद अबिदी यांचा मोठा वाटा होता. ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारिता शिकून आलेले अबिदी स्वतः खुर्ची वापरत. विमानात चढताना अपंगांना उचलून न्यावे लागू नये, यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रांवर उतार करण्याचे आदेश निघाले, तेही त्यांच्याच अर्जावर. आणखी एक आठवण : जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनार, लाल किल्ला अशा वास्तूंवर घाईघाईने लाकडी उतार बसवले गेले. भारतीय अपंगांसाठी जे वर्षानुवर्षे ‘पुरातत्त्वाच्या नियमांमुळे अशक्य’ होते, ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत शक्य झाले. अबिदी ४ मार्च २०१८ रोजी गेले. ज्युडी ह्यूमन गेल्या त्या ४ मार्च २०२३ रोजी. योगायोगच, पण माझ्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण आहे.

आता नियमावलीची गोष्ट. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीनावरून चार टक्क्यांवर नेल्या आणि सार्वजनिक इमारती सुगम्य करणे बंधनकारक ठरवले. परंतु २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम असा लिहिला गेला की, प्रत्यक्षातील मानके ही निव्वळ मार्गदर्शक सूचना ठरली. म्हणजे कायदा म्हणतो ‘केलेच पाहिजे’ आणि नियम म्हणतो ‘केले तर बरे’. राजीव रतुरी या दृष्टिहीन अर्जदाराने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्दबातल केला आणि बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. याचिका ते निकाल, एकोणीस वर्षे. कलम ५०४ ला १९७३ ते १९७७ अशी चारच लागली, असे म्हणायची पाळी आली.

त्यामुळे सव्वीस दिवसांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी मनातून नमस्कार केला. कायदा करणे हे भाषणाचे काम आहे. नियमावलीवर सही घेणे हे बसून राहण्याचे काम आहे, आणि त्याचे चित्रण सहसा कोणी करत नाही.

कानसेन

मी दृष्टिहीन आहे आणि हा मजकूर वाचन-प्रणालीकडून ऐकत आहे. रविवारी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने (ती स्वयंसेविका होती, नाव विचारायचे राहिले) पडद्यावरील दृश्य मराठीत, हळू आवाजात, संवादांच्या मधल्या जागांत सांगितले. तिने विशेषणे टाळली, हे मला फार आवडले. ‘एक बिचारी मुलगी’ असे न म्हणता ‘खुर्चीत वाकडी बसलेली, हसणारी, सिगारेट धरलेली मुलगी’ असे ती म्हणाली.

एक जागा मात्र तिला सांगावी लागली नाही. शिबिरातील टेबलाभोवतीच्या गप्पांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेली एक मुलगी बोलते. तिचे उच्चार कळायला अतिशय अवघड आहेत. ती बराच वेळ बोलते आणि कोणीही मध्ये तोंड घालत नाही, तिचे वाक्य पुरे करत नाही की विषय बदलत नाही. मी ते सगळे ऐकले. आमच्या सभागृहात मात्र त्या वेळी खुर्च्या सरकू लागल्या, खोकले सुरू झाले, कोणीतरी भ्रमणध्वनी तपासला. सायंवाचक मान हलवण्याबद्दल लिहितात. ती मला दिसत नाही. खुर्च्या सरकलेल्या ऐकू येतात.

गवतीचहा यांच्या प्रश्नावर : लहानपणी सांजवेळी आमच्याकडे ‘मूकं करोति वाचालं पङ्गुं लङ्घयते गिरिम्’ म्हटले जाई. पांगळ्याने पर्वत ओलांडावा, ही जबाबदारी आपण थेट देवावर टाकलेली आहे. तेवढ्या उंचीची मागणी आमच्यापैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

सायंवाचक

बर्कलीकर, किटी कोन यांच्याबद्दलची तक्रार मान्य. एका चेहऱ्यावर गोष्ट बेतण्याची सवय मलाही आहे. कानसेन, त्या मुलीपर्यंत आपला निरोप पोहोचवतो. पुढच्या वेळी वर्णन सांगणाऱ्या दोघी असतील.

चाकोरी, आपण सकाळपासून पाणी प्यायला नव्हता हे वाचून मी काल टेप घेऊन वाचनालयात गेलो. स्वच्छतागृहाच्या दाराची मोकळी रुंदी सव्वीस इंच भरली. प्रवेशाला तीन पायऱ्या आहेत, मिळून अठरा इंच. आम्ही रविवारी टाकलेली फळी सात फुटांची होती, आणि दोघांनी खुर्च्या मागून रेटल्या, त्याला आम्ही ‘सोय केली आहे’ असे निमंत्रणात छापले होते. एक इंच उंचीला बारा इंच लांबी या मापाने अठरा फूट उतार हवा. दारापासून कुंपणापर्यंत अकराच फूट आहेत आणि तिथे सभासदांच्या दुचाक्या लागतात. सुतार म्हणतो, उतार वळवून घेता येईल. कार्यकारिणीच्या अध्यक्षांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी बराच वेळ मान डोलावली. गुरुवारी बैठक आहे, तिथे खर्चाचा कागद सहीसाठी ठेवतो.

चाकोरी

वळणावर पाच फूट सपाट जागा सोडायला सुताराला सांगा, नाहीतर खुर्ची फिरत नाही. कठडा दोन्ही बाजूंना हवा. स्वच्छतागृहाचे दार आतल्याऐवजी बाहेर उघडणारे करा, आणि ते छत्तीस इंचांचे असू द्या. गुरुवारी बैठक किती वाजता आहे? मी आणि मागच्या रांगेतील ते गृहस्थ, आम्ही दोघेही सभासद आहोत.